बहिष्कार इराणवर, रिफायनऱ्या ट्रॉम्बेत

१/ तेलसंपन्न देशावर आर्थिक बहिष्कार घातला, तर तो नमतो का? चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांच्या जन्मकथेत याचे एक उत्तर आहे. #थ्रेड

२/ १९५१ मध्ये इराणने ब्रिटिशांच्या अँग्लो-इराणियन कंपनीकडील तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनने इराणी तेलाची विक्री रोखली. अबादानची अवाढव्य रिफायनरी थंडावली. १९५२ मध्ये ‘रोझ मेरी’ हे तेलवाहू जहाज एडनला अडवण्यात आले.

३/ भारतात येणारे बरेचसे तेल अबादानचे होते. त्यामुळे देशातच रिफायनऱ्या उभारण्याची निकड वाढली. १९५१ अखेरीस स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल यांच्याशी करार झाले. १९५४-५५ मध्ये ट्रॉम्बेत दोन्ही रिफायनऱ्या सुरू झाल्या. आज त्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियमकडे आहेत.

४/ कुवेत, सौदी अरेबिया व इराक यांनी उत्पादन वाढवले, म्हणून बहिष्कार टिकला. इराणची तिजोरी रिती झाली, तरी पंतप्रधान मोसादेक नमले नाहीत. १९५३ मध्ये त्यांना पदच्युत केले ते अमेरिका-ब्रिटनच्या पाठबळावरील सत्तापालटाने.

५/ १९५४ च्या करारात जुन्या कंपनीच्या वाट्याला ४० टक्केच आले. तात्पर्य, बहिष्काराने इराण कंगाल झाला; पण एकट्या बहिष्काराने सत्ता बदलली नाही आणि ब्रिटनची मक्तेदारीही परतली नाही.