डीएक्स-७ आणि वादकांचा प्रतिसाद

१९८३ साली यामाहा कंपनीने डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आणला. एका ध्वनिलहरीने दुसरीची वारंवारता बदलण्याचे, स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये गवसलेले तंत्र त्याच्या मुळाशी होते. ६१ पट्ट्या, एकाच वेळी १६ स्वर आणि बोटाच्या आघातानुसार पालटणारा नाद यांमुळे पियानोवादकांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. त्यातील घंटेसारखा स्वच्छ 'इलेक्ट्रिक पियानो' त्या दशकातील कितीतरी प्रेमगीतांत ऐकू येतो.

तक्रार होती ती नाद घडविण्याविषयी. जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांवर बटणे फिरवीत वादक कानाने नाद शोधीत असे. येथे मात्र सपाट कळा, इवलासा पडदा आणि सहा ऑपरेटरांच्या ३२ रचना! ब्रायन ईनो यांच्यासारखे अपवाद वगळता बहुसंख्य वादक कारखान्यातून भरून आलेल्या नादांवरच विसंबले. याचे खापर वादकांच्या आळसावर फोडले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. हाताला फिरवायला काही उरले नाही, तेव्हा कानाचा शोधही खुंटला. पुढे तर तयार नाद रचून विकणे हाच काहींचा व्यवसाय झाला.