पाळत आणि राखण

"काका, ही बसलीय की आडवी होतेय?"

गेले दोन महिने रात्रीची जेवणं झाली की माझी पुतणी लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसते. ती इथंच, छत्रपती संभाजीनगरात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्यालेली डुकरीण आडवी होताना तिच्याच अंगाखाली पिलं चिरडून मरतात. ते कॅमेऱ्यानं वेळीच ओळखायचं, हा तिचा प्रकल्प. पडद्यावर एकामागून एक छायाचित्रं येतात. प्रत्येक चित्रात मादीभोवती एक चौकट आखायची, प्रत्येक पिलाभोवती एक, आणि मादी कशी आहे ते लिहायचं: उभी, बसलेली, पोटावर, कुशीवर. अशी हजारो चित्रं माणसानं ओळखून दिली की मग यंत्र स्वतः ओळखू लागतं.

"आडवी होतेय," मी सांगतो. "पुढचे गुडघे टेकलेत बघ. आता मागचा भाग धपकन टाकेल. धोका आहे तो इथंच."

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली. गाई, म्हशी, शेळ्या यांचं बरंचसं पुस्तकात शिकलो. हे गुडघे टेकण्याचं मात्र मला एका कैकाडी बाईनं शिकवलं, १९८६ च्या हिवाळ्यात, गंगापूर तालुक्यातल्या एका गावाबाहेर.

डुकरीण अडली म्हणून तिचा मुलगा रात्री मला बोलवायला आला होता. गावाच्या पांढरीपासून दूर, ओढ्याच्या काठाला त्यांची पालं होती. पालाशेजारी मातीच्या बुटक्या भिंतींचं खोपट. आत कंदील, आणि कंदिलाशेजारी उकिडवी बसलेली ती. मी पोहोचेपर्यंत अडलेलं पिलू मोकळं झालं होतं. ती म्हणाली, "डाक्टर, आलाच हात तर उजेड धरा."

मी कंदील धरला आणि तीन तास नुसता बघत राहिलो. पिलू बाहेर पडलं की ती ते फडक्यानं पुसायची, नाकातला चिकटा काढायची आणि शेजारच्या टोपल्यात ठेवायची. टोपलं तिनंच विणलेलं. तळाला पाचट, वर जुनं गोणपाट, आणि चुलीतल्या गरम विटेचा तुकडा गुंडाळून एका कडेला. मादी शांत पडली की पिलं सडाला लावायची. ती उठायला लागली की सगळी पुन्हा टोपल्यात. भिंतीलगत वीतभर उंचीवर तिनं एक बांबू आडवा बांधला होता. "ही भिंतीला घसरत बसती," ती म्हणाली. "बांबू असला की मागं पिलापुरती जागा ऱ्हाती. गुडघं टेकलं की मी हात घालती."

पुढं पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की ती करत होती त्या प्रत्येक गोष्टीला शास्त्रात जागा आहे. पिलू जन्मतं ते किलो-सव्वा किलोचं, आई दीडशे-दोनशे किलोची. पिलाच्या अंगात ऊब धरणारी चरबी जवळजवळ नसते. त्याला चौतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणून ते आईच्या अंगाला चिकटतं, आणि जिथं ऊब तिथंच मरण. जन्मतःच्या पिलात रोगाशी लढायची ताकद नसते. ती चिकातून मिळते, आणि चीक पहिल्या दिवसातच पोटात जावा लागतो. म्हणजे आईपासून लांब ठेवलं तर उपाशी मरतं, जवळ ठेवलं तर चिरडून. बहुतेक पिलं दगावतात ती पहिल्या तीन दिवसांत. तिच्या बांबूला पुस्तकात गार्ड रेल म्हणतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून वीसेक सेंटीमीटर अंतर सांगितलेलं आहे. तिच्या टोपल्याच्या जागी मोठ्या फार्मवर अडीचशे वॅटच्या दिव्याखाली पिलांचा वेगळा कोपरा असतो. तिचं अंतर विटेच्या आणि वितेच्या मापानं ठरलं होतं, आणि ते बरोबर होतं.

चुलीपाशी चहा घेताना तिनं आपल्या सासऱ्याची गोष्ट सांगितली. ते सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले. तारेच्या आत घर, आणि हजेरी चुकली की शिक्षा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला; १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाड्यांसारख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ही माणसं 'विमुक्त' झाली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं तेव्हा टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कैकाड्यांचं जगणं मराठी घराघरात वाचलं गेलं. २०१४ साली नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पडद्यावर आला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गाव ज्या जनावराला शिवत नाही, त्याच्यामागं धावणाऱ्या माणसाला गाव कसं वागवतं, ते त्यात सगळं आहे.

मराठीत दोन शब्द आहेत: पाळत आणि राखण. दोन्हींत कुणीतरी रात्रभर डोळे उघडे ठेवून बसतं. पण ज्याच्यावर पाळत असते तो संशयित असतो, आणि ज्याची राखण करायची ते आपलं असतं. पाळत ठेवणारा चूक टिपून घेतो. राखण करणारा उठून हात घालतो. सरकारनं ज्या माणसांवर पिढ्यान् पिढ्या पाळत ठेवली, तीच माणसं त्याच रात्री दुसऱ्या एका जिवाची राखण करत होती.

याच जिल्ह्यात, वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला लोक रावण की खाई म्हणतात, तिथं वराहानं भूदेवीला उचलून धरल्याचं शिल्प आहे. शेकडो वर्षं त्याला हात जोडले गेले. डुक्कर पाळणाऱ्याच्या दारात मात्र कुणी गेलं नाही. त्या रात्रीच्या आधी मीही गेलो नव्हतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं वराहपालनाकडं धंदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशात वराह पैदास केंद्रं आणि त्यांना जोडून बेकनचे कारखाने निघाले. आपल्याकडं बोरिवलीला एक होता. इंग्लंडचा मोठा पांढरा यॉर्कशायर आणि डेन्मार्कचा लँडरेस या जाती आल्या. २००२ साली गुवाहाटीजवळ राणी इथं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र सुरू झालं. २०१९ च्या पशुगणनेत देशात ९० लाख ६० हजार डुकरं मोजली गेली, त्यांतली सर्वाधिक आसामात. अवजड विदेशी जाती आल्या आणि एकेका वेताला पिलंही जास्त होऊ लागली. अंगाखाली जाणारी पिलंही त्याबरोबर वाढली.

युरोप-अमेरिकेनं त्यावर लोखंडी पिंजरा शोधला. विण्याच्या वेळी मादीला दोन गजांच्या मध्ये असं उभं करायचं, की तिला वळताच येऊ नये. पिलं वाचली, पण आईचे हाल झाले. विण्याआधीचा दिवसभर डुकरीण काड्या, पाचट गोळा करून घरटं करते. गजांत तिला तेही करता येईना. स्वीडन, नॉर्वे, स्वित्झर्लंड या देशांनी असे पिंजरे नेहमीच्या वापरातून हद्दपार केले. आई मोकळी झाली आणि जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: पिलांजवळ जागं कोण राहणार?

त्याच प्रश्नातून ही यंत्रं आली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २०१५ साली निघालेल्या स्वाइनटेक कंपनीनं चिरडल्या जाणाऱ्या पिलाची किंकाळी ओळखून मादीला कंपनानं उठवणारं साधन केलं. २०१८ साली चीनच्या सिचुआन प्रांतातल्या वराह फार्मवर अलीबाबानं कॅमेरे आणि ध्वनी ओळखणारी यंत्रणा आणली. आवाजात एक अडचण आहे: पिलू ओरडतं तेव्हा ते आधीच अंगाखाली गेलेलं असतं. कॅमेरा त्याच्या थोडं आधीचं पाहू शकतो. उभ्याची बसलेली, बसल्याची आडवी, आणि तेवढ्यात एखाद्या पिलाची चौकट नाहीशी झाली, की घंटा. पण पिलं एकमेकांवर चढून झोपतात, दिव्याची तिरीप येते, काचेवर कोळी जाळं करतो, आणि आपल्याकडं वीज जाते. पुतणीचं निम्मं काम या चारांशी झगडण्यात जातं.

आपल्या शहराला कॅमेऱ्यानं नवजात पिलं सांभाळण्याची सवय आहे, ती वाघांमुळं. २५ डिसेंबर २०२० ला सिद्धार्थ उद्यानात समृद्धी वाघिणीला पाच बछडे झाले. थंडीत त्यांच्यासाठी हीटर लावले गेले, सीसीटीव्हीवर लक्ष ठेवलं गेलं, आणि सारं शहर बातमी वाचून आनंदलं. मलाही आनंद झाला. त्याच थंडीत ओढ्याकाठच्या कुठल्याशा खोपटात कुणी गरम वीट गोणपाटात गुंडाळत असेल, हेही तेव्हा मनात आलं.

परवा पुतणी एका चित्रापाशी थांबली. कडेनं कोपरापर्यंत एक हात आत आला होता, पिलाला उचलणारा. "काका, हे बिघडलेलं दिसतंय. काढून टाकू?"

मी तिला सगळी गोष्ट सांगितली: कंदील, टोपलं, बांबू, सोलापूरची हजेरी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, की यंत्राला हे शिकवून काय उपयोग होईल?

मी म्हटलं, "घंटा कधी थांबवायची ते त्याला कळेल. हात येईपर्यंत ती वाजत राहिली पाहिजे."

तिनं ते चित्र ठेवलं. हाताभोवती चौकट आखली, आणि यादीत खाली नवा शब्द लिहिला: हात. मग आधी काढून टाकलेली चित्रं एकेक करून परत घेतली. रात्री एक वाजेपर्यंत आम्ही त्यांतले हात शोधत बसलो.