पाणबुड्याचा श्वास आणि चुन्याचा डबा

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग प्रत्येकाने शाळेत केलेला असतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुना शोषून घेतो, हे त्यावरून कळते. याच गुणधर्मावर काही पाणबुड्यांचे प्राण अवलंबून असतात.

तारकर्लीला पर्यटक स्कूबा डायव्हिंग करतात, तेव्हा त्यांचा उच्छ्वास बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात निघून जातो. ‘रिब्रीदर’ या उपकरणात मात्र तोच वायू नळ्यांतून फिरवून पुन्हा श्वासासाठी वापरतात. खर्च झालेला प्राणवायू टाकीतून भरून काढता येतो. परंतु उच्छ्वासातील सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड काढून टाकावाच लागतो. ते काम ‘स्क्रबर’ नावाचा डबा करतो.

डब्यात काय असते?

डब्यात ‘सोडा लाइम’चे बारीक दाणे भरलेले असतात. त्यांत मुख्यतः विरवलेला चुना, थोडा कॉस्टिक सोडा आणि काही प्रमाणात पाणी असते. वायू दाण्यांतील ओलाव्यात विरघळतो, त्याची सोड्याशी आणि मग चुन्याशी अभिक्रिया होते व अखेर कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. या क्रियेत उष्णताही निर्माण होते.

पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांतील रुग्णालयांत भूल देण्याच्या यंत्रालाही असाच डबा जोडलेला असतो. तेथे रुग्णाच्या प्रत्येक उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यंत्राने मोजता येतो. पाण्याखाली बहुधा वेळेच्या हिशेबावरच विसंबावे लागते. काही आधुनिक रिब्रीदरमध्ये डब्यातील तापमानावरून चुना किती उरला याचा अंदाज देणारी सोय असते, एवढेच.

डबा किती वेळ टिकतो?

याचे एकच उत्तर नाही. थंड पाण्यात अभिक्रिया मंदावते. खोलीवर वायू दाट झाल्याने कार्बन डायऑक्साइडचे रेणू दाण्यांपर्यंत पोहोचण्यास अडथळा येतो. श्रम वाढले की शरीर अधिक वायू बाहेर टाकते. म्हणूनच युरोपीय मानकानुसार डब्याची चाचणी ४ अंश सेल्सिअस पाण्यात, ४० मीटर खोलीच्या दाबाखाली आणि मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडून घेतली जाते.

भरण्यातील निष्काळजीपणाही घातक ठरतो. दाणे सैल राहिले तर वायू मोकळ्या वाटेने, न गाळता निसटतो. पाणी शिरले तर दाहक द्रव तोंडात येऊ शकतो. रंग बदलणाऱ्या दाण्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. काही काळ न वापरल्यास त्यांचा मूळ रंग परत येऊ शकतो.

धाप हीच धोक्याची खूण

वायू साठू लागला की धाप, डोकेदुखी, गोंधळ आणि अखेर बेशुद्धी येते. ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बोसमन्सखाट या जलविवरात सुमारे २७० मीटर खोलीवर ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड शॉ मरण पावले. दाट वायू आणि अतिश्रम यांमुळे त्यांच्या शरीरातच कार्बन डायऑक्साइड साठला, असा निष्कर्ष निघाला. फुप्फुसांतून वायू पुरेसा बाहेरच पडला नाही, तर उत्तम डबाही निरुपयोगी ठरतो.

म्हणून पाणबुड्याला जवळ स्वतंत्र टाकी बाळगावी लागते. मात्र धाप अनावर झाल्यावर तोंडातील नळी काढून दुसरी लावणेही कठीण होते. त्यामुळे पहिल्या शंकेलाच टाकीकडे वळावे आणि चुना वेळेआधीच बदलावा, हाच या क्षेत्रातील नियम आहे.