नव्या दार-खिडक्यांवरची चिकटून बसलेली फिल्म कशी काढायची? थिनर हातात घेण्याआधी हे वाचा

नवा मोबाईल घेतला की स्क्रीनवरची पातळ फिल्म काढण्यात एक वेगळीच मजा असते. टोक धरलं, हळूच ओढलं, झालं काम. आमच्या नव्या फ्लॅटच्या खिडक्यांचंही असंच होईल, असं मी धरून चाललो होतो.

आमचा फ्लॅट कल्याणला, सातव्या मजल्यावर. ताबा मिळाला, पण रंगाचं आणि फर्निचरचं काम रखडलं. खिडक्या बसवणारा मिस्त्री म्हणाला, "पन्नी राहू द्या, रंगाचे डाग पडणार नाहीत." आम्ही राहू दिली, चांगली चौदा महिने. वास्तुशांत चार दिवसांवर आली तेव्हा मी पन्नी ओढायला घेतली. पूर्वेकडची निमूट निघाली. पश्चिमेकडच्या हॉलच्या खिडकीवरची मात्र नखाएवढ्या तुकड्यांत निघत होती आणि खाली चिकट, काळपट थर राहत होता. तासाभरात एक वीत फ्रेमसुद्धा साफ झाली नाही. मग रंगाऱ्याचा थिनरचा डबा दिसला आणि मी फडकं बुडवून घासलं. गम निघाला, पण त्याबरोबर फ्रेमची चमकही गेली. पांढरं प्लास्टिक मऊ पडलं आणि त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. तळहाताएवढा तो डाग आजही तिथेच आहे, पाहुणे आले की त्याच्यावर पडदा ओढतो.

तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हा लेख. आधी फिल्म चिकटते का ते समजून घेऊया, कारण ते कळलं की काय वापरायचं आणि काय नाही हे बऱ्यापैकी आपलं आपल्यालाच सुचतं.

ही फिल्म असते तरी काय?

ही बहुतेक वेळा पॉलिथिनची फिल्म असते, म्हणजे आपल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्याच जातीची. जाडी साधारण ५० ते ८० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. तिच्या एका बाजूला दाब दिला की चिकटणारा गम असतो, तो रबराचा किंवा अॅक्रिलिकचा. स्टिकर, सेलोटेप, मोबाईलच्या मागच्या बाजूचं स्किन, सगळ्यांचं तत्त्व हेच. कारखान्यातून घरापर्यंत येताना फ्रेमवर ओरखडे पडू नयेत, एवढंच तिचं काम. फिटिंग झालं की ते काम संपतं.

अडचण दोन गोष्टींमुळे होते. पहिली म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि फिल्म ठिसूळ होते. बाहेर पडून राहिलेली जुनी पिशवी हात लावताच भुगा होते ना, तसंच. दुसरी म्हणजे उष्णता आणि वेळ. गम अगदी घट्ट पदार्थ नसतो, तो फार सावकाश वाहतो. तापलेल्या फ्रेमवर महिनोन् महिने राहिला की तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो आणि नंतर तिथेच कडक होतो. म्हणून एकाच दिवशी बसवलेल्या दोन खिडक्यांपैकी सावलीतली सोपी जाते आणि पश्चिमेची रडवते.

फिल्मचा रंगही पाहा. बाहेरून पांढरी आणि आतून काळी अशी दोन थरांची फिल्म ऊन बऱ्यापैकी अडवते. पारदर्शक किंवा निळसर फिल्म तेवढं अडवत नाही, त्यामुळे ती लवकर काढलेली बरी. अनेक फिल्मवर कंपनीचं नाव आणि किती दिवसांत काढायची हे छापलेलं असतं. ओढण्याआधी त्याचा मोबाईलने एक फोटो काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तर माल कुठला होता ते सांगता येतं.

आधी ओळखा: तुमची फ्रेम कशाची आहे?

मी जी पायरी वगळली ती हीच. यूपीव्हीसीची फ्रेम प्लास्टिकची असते, ठोकली की बद्द आवाज येतो. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ती मऊ पडते आणि थिनर किंवा अॅसिटोन तिला विरघळवायला लागतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अॅसिटोनच असतो, म्हणून ती व्हिडिओतली युक्ती इथे चालणार नाही. अॅल्युमिनियमची फ्रेम हाताला थंड लागते, पण तिच्यावरचा रंग म्हणजे पावडर कोटिंग असतं. तेही थिनरने निस्तेज होतं आणि ब्लेडने खरवडलं जातं. सेफ्टी डोअरचं तसंच. स्टेनलेस स्टीलचं हँडल त्या मानाने दणकट, फक्त त्यावरच्या बारीक रेषांच्या दिशेनेच पुसायचं, आडवं घासलं की ओरखडे कायमचे दिसतात. लॅमिनेट लावलेल्या फ्लश डोअरवर पाणी जपून वापरा, कडेच्या जोडातून आत गेलं की फुगवटा येतो.

बाल्कनीच्या छतावर किंवा पार्टिशनला काचेसारखी दिसणारी अॅक्रिलिक शीट असेल तर तिला अल्कोहोलसुद्धा लावू नका, बारीक तडे जातात. तिथे फक्त साबणाचं कोमट पाणी.

काहीही वापरायचं असलं तरी आधी खिडकी बंद केल्यावर झाकली जाते त्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागी लावून पाहा. पाच मिनिटं थांबा. चमक तशीच राहिली तर पुढे जा.

फिल्म सोलायची कशी?

फिल्म अजून मऊ असेल तर फार काही लागत नाही. एक कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला. मग फिल्म स्वतःवरच दुमडून, फ्रेमला जवळजवळ समांतर ठेवून, एकाच वेगाने मागे ओढा. सरळ आपल्याकडे ओढली की ती फाटते. वेगाचंही गणित आहे. झटका दिला तर गम कडक असल्यासारखा वागतो आणि फिल्म तुटते. अगदी रेंगाळत ओढलं तर गम मधूनच ताणला जाऊन अर्धा खाली राहतो. मधला वेग हाताला दहा मिनिटांत कळतो.

फिल्म कडक झाली असेल तर हेअर ड्रायर आणा. साधारण एक वीत अंतरावरून, एका जागी न थांबता, हातभर पट्टा अर्धा-एक मिनिट शेकवा. फ्रेमला तळहात टेकवता आला पाहिजे. टेकवता येत नसेल तर जास्त झालं. शेकवायचं कशासाठी? फिल्म लवचिक होऊन तुटत नाही आणि गमची पकड थोडी सैल होते. फार तापवलं तर गम पातळ होऊन उलट जास्त मागे राहतो, म्हणजे मेहनत दुप्पट. सुताराकडची हीट गन घेऊ नका. तिची हवा शेकडो अंशांची असते, यूपीव्हीसी वाकडं होईल. काचेच्या एकाच ठिकाणी फार उष्णता दिली तर ती तडकू शकते.

ड्रायर नसेल तर ऊन वापरा. फ्रेम नुसती कोमट झालेली असते त्या वेळी, म्हणजे पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी ऊन नुकतं आलेलं असताना, सोलायला बसा. भर चारच्या तापलेल्या फ्रेमवर नको.

आणि माझ्यासारखी नखाएवढे तुकडे निघण्याची वेळ आली असेल तर? मला सगळ्यात उपयोगी पडली ती खोके बांधायची रुंद चिकटपट्टी. फिल्मवर पट्टी घट्ट दाबायची, वरून थोडं शेकवायचं आणि पट्टी ओढायची. पट्टीचा आधार मिळाल्यामुळे ठिसूळ फिल्म सलग निघते. दीड रोल संपला, पण थिनरच्या प्रयोगापेक्षा स्वस्तच पडला. फिल्मचं टोक रबर किंवा बीडिंगखाली अडकलं असेल तर जोर करू नका, रबर बाहेर येतं. कडेने कात्रीने कापा.

राहिलेला गम काढताना

सुरुवात नेहमी सौम्य गोष्टीने करायची. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड, त्यात भिजवलेलं फडकं गमवर दहा मिनिटं ठेवून द्या, मग प्लास्टिकच्या कार्डाने सरकवा. कोवळा गम एवढ्यानेच गोळा होतो.

नाही झाला तर खोबरेल तेल. रबराच्या गमवर ते चांगलं चालतं, कारण तेल त्यात मुरतं आणि पकड सुटते. चोळून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा, नंतर पुसा. तेलकटपणा साबणाने गेलाच पाहिजे, नाहीतर आठवड्यात धुळीचा पट्टा तयार होतो.

त्याच्या पुढची पायरी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बोर्ड साफ करायला जे आयपीए वापरतात तेच. यूपीव्हीसी आणि पावडर कोटिंगवर ते फडक्याला थोडं लावून, हलक्या हाताने, आधी कोपऱ्यात तपासून वापरता येतं. फडकं सतत बदलत राहा, नाहीतर गम एका जागेवरून दुसऱ्या जागी फक्त सरकतो. कोविडमध्ये उरलेली सॅनिटायझरची बाटली घरी असेल तर तीही चालते, फक्त त्यातल्या ग्लिसरिनचा ओघळ नंतर पुसावा लागतो. काच पुसायचे निळे स्प्रे मात्र गमला काही करत नाहीत, ते शेवटी चमक आणायला.

काच आणि स्टीलवर निलगिरीचं तेल किंवा थोडं रॉकेलही काम करतं. पण रॉकेल खिडकीच्या काळ्या रबराला लागू देऊ नका. रबर फुगतं, सैल होतं आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येतं.

एक गोष्ट अगदी गांभीर्याने सांगतो. अल्कोहोल, रॉकेल, निलगिरी यांपैकी काहीही लावलं असेल तर त्या जागी ड्रायर चालू करायचा नाही. जवळ समई, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको. आमच्या घरी देवघर आणि ती खिडकी यांच्यात चार पावलांचं अंतर आहे आणि हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

काचेवर ब्लेड चालतं का? साध्या काचेवर चालतं, पण काच साबणाच्या पाण्याने भिजलेली हवी, ब्लेड नवं हवं आणि ते एकाच दिशेने, तिरपं धरून सरकवायचं, मागे घासायचं नाही. कोपऱ्यात टफन्डचा छाप असेल किंवा काच आरशासारखी चमकणारी असेल तर ब्लेड लांब ठेवा. टफन्ड काचेवर कधीकधी न दिसणारे बारीक कण असतात, ब्लेड ते ओढत नेतं आणि लांबच लांब ओरखडे पडतात. चमकणाऱ्या काचेवर कोटिंग असतं, ते गेलं की परत येत नाही.

गम गेला की नाही हे बघायला मोबाईलचा टॉर्च लावा आणि तो फ्रेमला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारे चिकट पट्टे लगेच उठून दिसतात. खालच्या ट्रॅकमध्येही टॉर्च मारा. तिथे पाणी बाहेर जाण्यासाठी छोट्या खाचा असतात आणि त्यांच्यावर बरेचदा हीच फिल्म राहून गेलेली असते. आमच्या तीन खिडक्यांच्या खाचा झाकलेल्या होत्या. पहिल्या जोरदार पावसात हॉलमध्ये पाणी का आलं होतं, ते मला तेव्हा कळलं. आम्ही वर्षभर बिल्डरच्या माणसाला बोल लावत होतो.

बाहेरची बाजू

इथे युक्त्या नकोत. मी आतली बाजू साफ करत असताना आई स्वयंपाकघरातून आली आणि "हे एवढंसं राहिलंय" म्हणत खिडकीच्या कट्ट्यावर चढली. ग्रील अजून बसलेलं नव्हतं. एक हात फ्रेमला, दुसरा बाहेर, आणि खाली सात मजले. मी ओरडलोसुद्धा नाही, दचकली असती म्हणून. मागून जाऊन तिची कंबर धरली आणि खाली उतरवली. ती म्हणाली, "अरे, एक टोकच तर होतं." त्या टोकाकडे मी आठ दिवस बघितलं नाही.

सरकत्या खिडकीचं शटर बहुतेक वेळा वर उचलून, खालची बाजू आत घेऊन ट्रॅकमधून काढता येतं. पण काचेसकट ते जड असतं आणि हातातून सुटलं तर खाली चालणाऱ्या माणसावर पडेल. म्हणून ते काम खिडक्या बसवणाऱ्यालाच बोलावून करून घ्या. आम्ही तसंच केलं. दोघं जण आले, शटर आत काढून दिली, मी आणि बाबांनी ती हॉलमध्ये जुन्या चादरीवर आडवी ठेवून साफ केली आणि संध्याकाळी त्यांनी परत बसवली. स्थिर काचेची बाहेरची बाजू दोरीवर काम करणाऱ्या लोकांसाठी सोडली, इमारत धुवायला ते येतात तेव्हा.

ताबा घेताय? मग हे त्याच दिवशी

फिल्मखाली काय आहे हे फिल्म काढल्याशिवाय दिसत नाही. ओरखडे, उडालेलं कोटिंग, काचेचा तडा, सगळं तिच्याआड लपतं. ताबा घेताना प्रत्येक खिडकीचा निदान एक कोपरा सोलून बघा, फोटो काढा आणि दोषांच्या यादीत लिहून घ्या. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या दर्जातला किंवा कारागिरीतला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. पण चौदा महिन्यांनी सापडलेला ओरखडा मुळातला की आपण पाडलेला, हे सिद्ध करणं अवघड जातं. माझा थिनरचा डाग तर मी पाडलेलाच होता, तो कुणाला सांगणार?

रंगकाम बाकी असेल तर मूळ फिल्म काढून टाका आणि रंगाच्या दिवसापुरती रंगाऱ्याची कागदी मास्किंग टेप व वर्तमानपत्र लावा. काम संपलं की त्याच संध्याकाळी ती टेप काढायची, कारण उन्हात राहिली तर तीही अशीच चिकटून बसते.