ड्रम अँड बेसचे काळोखी प्रवाह आणि ब्रेककोअर

ड्रम अँड बेस हा १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये, प्रामुख्याने लंडन व ब्रिस्टल येथे, उदयास आलेला इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकार आहे. अतिजलद, तुकड्यातुकड्यांनी जोडलेला ड्रमचा ठेका आणि त्याखाली संथपणे चालणारा खर्जातील बेस ही त्याची दोन मुख्य अंगे होत. या प्रकाराच्या कठोर, भयसूचक वळणाच्या शाखांना डार्ककोअर, टेकस्टेप, डार्कस्टेप अशी नावे मिळाली. ठेक्याची मोडतोड हेच ज्याचे साध्य झाले, त्या शेजारच्या प्रकारास ब्रेककोअर म्हणतात.

खानदेशात, रनाळे, नंदुरबार, दोंडाईचा या भागात आणि एकूणच महाराष्ट्रात, 'डीजे' म्हणजे वरातीपुढे वाहनावर चालणारी ध्वनिक्षेपकांची भिंत असा अर्थ रूढ झाला आहे. येथे मात्र डीजे म्हणजे दोन तबकड्यांवरील संगीत एकमेकांत मिसळून सलग वाजवणारी व्यक्ती, हा अर्थ अभिप्रेत आहे.

स्वरूप आणि लय

ड्रम अँड बेसची गती साधारणपणे मिनिटास १६० ते १८० ठोके असते. ब्रेककोअरमध्ये ती याहूनही पुष्कळ वाढू शकते. ड्रम या गतीने धावत असताना बेस बहुधा तिच्या निम्म्या गतीने चालतो. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत सांगायचे, तर बेस ठाय लयीत राहतो आणि ड्रम त्याच्या दुगुनीत, कधी चौगुनीत बोलतो. म्हणूनच हे संगीत प्रथम ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट वाटते. कान ड्रमवरून काढून बेसवर ठेवला की मात्रा मोजता येऊ लागतात.

काळोखी शाखांमध्ये बेसचा पोत महत्त्वाचा असतो. डेट्रॉईटचे केव्हिन सॉन्डरसन यांनी 'रीस' या नावाने १९८८ मध्ये काढलेल्या एका रचनेतील बेस पुढे 'रीस बेस' म्हणून या संगीताचा आधार बनला. एकमेकांपासून किंचित ढळलेले दोन स्वर एकाच वेळी वाजवले की त्यांच्या मीलनातून घोंगावणारी आंदोलने निर्माण होतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा पूर्ण जुळण्यापूर्वी जो थरथराट ऐकू येतो, तो या तत्त्वाचाच आहे. तेथे तो थरथराट घालवायचा असतो, येथे मुद्दाम राखायचा असतो.

अमेन ब्रेक

या संगीताचा फार मोठा भाग सुमारे सात सेकंदांच्या एका ध्वनिमुद्रणावर उभा आहे. वॉशिंग्टन येथील द विन्स्टन्स या वाद्यवृंदाने १९६९ मध्ये 'अमेन, ब्रदर' ही वाद्यरचना एका तबकडीच्या मागील बाजूसाठी मुद्रित केली. तीत इतर वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हे ड्रमवादक एकटे चार आवर्तने वाजवतात. प्रत्येकी चार मात्रांच्या या चार आवर्तनांच्या मिळून सोळा मात्रा होतात. त्रितालाशी हा निव्वळ संख्येचा योगायोग आहे, परंतु तालाचा अभ्यास असलेल्या मराठी श्रोत्याला तो उपयोगी पडतो.

१९८० च्या दशकात ध्वनीचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारी सॅम्पलर यंत्रे आटोक्यात आली. १९८६ मध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या संकलनमालेत ही रचना पुन्हा प्रसिद्ध झाली आणि प्रथम अमेरिकी हिप-हॉपमध्ये व नंतर इंग्लंडमधील नृत्यसंगीतात हा तुकडा पसरला. त्याची गती वाढवली गेली, एकेक आघात सुटा करून क्रम बदलला गेला, तो उलटाही वाजवला गेला. हजारो रचनांत तो वापरला गेला असूनही कोलमन यांना त्याचे मानधन कधीच मिळाले नाही. २००६ मध्ये अटलांटा येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते निर्धन व बेघर होते. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनाही स्वामित्वधन मिळाले नव्हते. २०१५ मध्ये ब्रिटनमधील दोन डीजेंनी इंटरनेटवर वर्गणी गोळा केली आणि सुमारे २४,००० पौंड स्पेन्सर यांच्या हाती दिले. कोलमन हयात नसल्याने त्या रकमेचा त्यांना उपयोग नव्हता. वादकाच्या हातची लकब ही त्याची मालमत्ता मानावी की नाही, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अवघड आहे. नैतिकदृष्ट्या तो तितका अवघड नाही.

काळोखी प्रवाहाचे अल्बम

१९९२-९३ च्या सुमारास लंडनमधील रेव्ह मेळाव्यांच्या उल्हासी संगीतात भयपटांतील संवाद, किंकाळ्या व खालचे सूर शिरू लागले. गोल्डी यांची १९९२ मधील 'टर्मिनेटर' ही रचना या वळणाची खूण मानली जाते. तीत गती न बदलता ड्रमचा स्वर वरखाली करण्याचे तंत्र वापरले आहे. गोल्डी यांचा 'टाइमलेस' हा अल्बम १९९५ मध्ये आला. तो सर्वस्वी काळोखी नाही, पण हे संगीत दीर्घ रचनेचा भार पेलू शकते हे त्याने दाखवून दिले.

१९९७ मध्ये नो यू-टर्न या लंडनच्या संस्थेने काढलेले 'टॉर्क' हे संकलन टेकस्टेपचा पायाभूत ग्रंथ म्हणावे असे आहे. निको, ट्रेस, एड रश व फिअर्स यांनी ठेका साधा केला, सुरावट जवळजवळ काढून टाकली आणि विकृत केलेल्या बेसला नायकत्व दिले. एड रश आणि ऑप्टिकल यांचा 'वर्महोल' (१९९८) हा त्यापुढील टप्पा होय. त्यात यंत्रमय कठोरपणा आहे, तसाच ध्वनीचा नितळपणाही आहे. जर्मनीत पॅनासिया यांनी १९९७ च्या 'लो प्रोफाइल डार्कनेस' या अल्बममध्ये हा प्रवाह औद्योगिक गोंगाटाकडे नेला. त्यानंतर नेदरलँड्स हे याचे एक प्रमुख केंद्र झाले. ब्लॅक सन एम्पायर यांचा 'ड्रायव्हिंग इन्सेन' (२००४) आणि नॉइझिया यांचा 'स्प्लिट द अॅटम' (२०१०) हे तेथील ठळक अल्बम होत.

ब्रेककोअर

ब्रेककोअरचे एक मूळ बर्लिनमध्ये सापडते. अॅलेक एम्पायर यांनी १९९४ मध्ये डिजिटल हार्डकोअर रेकॉर्डिंग्ज ही संस्था स्थापन केली. पंकची आक्रमकता आणि तोडलेले ड्रम यांचा तेथे संयोग झाला.

कॅनडातील विनिपेगचे आरन फंक हे व्हेनेशियन स्नेअर्स या नावाने रचना करतात. २००५ मध्ये प्लॅनेट म्यू या ब्रिटिश संस्थेने प्रसिद्ध केलेला त्यांचा अल्बम हा या प्रकारातील सर्वांत परिचित आहे. त्याचे हंगेरियन नाव 'रॉस चिल्लग आलॉत स्यूलेतेत' असे असून त्याचा अर्थ 'अशुभ ताऱ्याखाली जन्मलेला' असा होतो. बुडापेस्टच्या राजवाड्यावरील कबुतराच्या कल्पनेतून तो सुचल्याचे सांगितले जाते. व्हायोलिन व चेलोच्या शोकाकुल स्वरांवर ड्रमचा अक्षरशः चुरा पडत राहतो. फंक यांना सात मात्रांचे आवर्तन प्रिय आहे. पाश्चात्त्य नृत्यसंगीत चारच्या हिशेबाने चालत असल्याने तेथे हे विक्षिप्त ठरले. रूपक ऐकत आलेल्या कानाला मात्र सातचे काही वावडे नसते. या प्रकाराची सुरुवात करू इच्छिणाऱ्याने याच अल्बमपासून करावी.

मराठी व मुंबईकर कलावंत

लंडनच्या हॉक्सटन चौकातील ब्लू नोट या क्लबमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यास रविवारी गोल्डी यांच्या मेटलहेड्झ संस्थेची बैठक भरे, तर सोमवारी तबलावादक तलविन सिंग यांची 'अनोखा'. एकाच छताखाली, लागोपाठच्या रात्री ड्रम अँड बेस आणि तबला नांदत होते. 'अनोखा' हे संकलन १९९७ मध्ये निघाले. तलविन सिंग यांच्या 'ओके' या अल्बमला १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

या धारेतील मराठी नाव म्हणजे कर्ष काळे. त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमिच येथे झाला व ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात वाढले. ड्रम आणि तबला ही दोन्ही वाद्ये ते वाजवतात, आणि तबल्याला इलेक्ट्रॉनिक जोड देऊन त्यांनी स्वतःची शैली घडवली. 'रिअलाइज' हा त्यांचा पहिला अल्बम २००१ मध्ये सिक्स डिग्रीज या संस्थेने काढला. त्यातील ड्रम वेगवान आहेत, पण वृत्ती भावगर्भ आहे, म्हणून त्यास काळोखी म्हणणे योग्य होणार नाही.

त्या दृष्टीने तबला बीट सायन्स या गटाचा 'ताल मॅट्रिक्स' (२०००) अधिक जवळचा आहे. अमेरिकी बेसवादक बिल लॅसवेल यांच्या दाट, सावल्यांसारख्या बेसवर झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तलविन सिंग व कर्ष काळे यांचे वादन त्यात आहे. झाकीर हुसेन व त्रिलोक गुर्टू हे दोघेही मुंबईत, १९५१ साली जन्मलेले. गुर्टू यांच्या मातोश्री म्हणजे मूळच्या बेळगावच्या, ठुमरीगायिका शोभा गुर्टू. येथे वादकांची नावे अल्बमवर नमूद आहेत व ठेका जिवंत हातांचा आहे, हा अमेन ब्रेकच्या कथेहून मोठाच फरक होय.

मुंबईत २०१० च्या दशकात बे बीट कलेक्टिव्ह या गटाने ड्रम अँड बेसचे कार्यक्रम केले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेला ब्लू फ्रॉग हा क्लब अशा संगीतासाठी प्रसिद्ध होता. गिरणीच्या ज्या आवारात एकेकाळी यंत्रांचा आवाज पाळ्यांनुसार चाले, तेथेच यंत्रांवर रचलेले हे संगीत रात्री वाजू लागले.