वयाचा हिशेब

आमच्या कन्हेरीत एखाद्या म्हातारीला वय विचारावे, तर ती आकडा सांगत नाही, इतिहास सांगते. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जायचे, तवा थोरला रांगत हुता,’ एवढेच ती म्हणते. पुढची बेरीज आपण करायची. थोरला १९७१ चा, लग्न त्याआधी दोन-तीन वर्षे, तेव्हा ती सोळा-सतराची. म्हणजे आजींनी सत्तरी ओलांडली! तिच्या सासूचे वय १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीवरून काढीत आणि त्याआधीच्या पिढीचे प्लेगावरून.

वार्धक्याच्या अभ्यासाची पहिली अडचण हीच होती. जनगणनेच्या तक्त्यांत साठ, पासष्ट, सत्तर अशा आकड्यांवर माणसांची गर्दी आणि एकसष्ट-बासष्टच्या घरात शुकशुकाट!

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्याच जिल्ह्यातील जन्ममृत्यूंची पाहणी केली. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांचा तो ग्रंथ १९५३ साली निघाला. त्या काळी चिंता होती ती जन्मांची आणि मृत्यूंची, वार्धक्याची नव्हे. १९४१ ते १९५० या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ माणसे बत्तिशीत म्हातारी होत असा नव्हे. तान्ही मुलेच इतकी दगावत, की सरासरी खाली ओढली जाई. पुढे देवी हटली, मुले जगू लागली आणि तीच यथाकाल आजी-आजोबा झाली. १९५१ साली देशात साठीपुढची माणसे सुमारे २ कोटी होती. २०११ साली ती १० कोटींवर गेली. आणि ज्या कुमुदिनीबाईंनी एके काळी जन्म मोजले, त्यांनीच १९९६ साली भारतातील वृद्धांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यानंतरचे मोठे काम मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे. हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या सहकार्याने तिने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशी गाठलेल्या व ओलांडलेल्या लोकांची देशभर पाहणी केली; त्यांच्या जोडीदारांसह ७२,००० हून अधिक माणसे तीत आली. घरोघर जाऊन रक्तदाब, नजर, मुठीची ताकद, चालण्याचा वेग मोजला. काही शब्द ऐकवून त्यांतले किती आठवतात तेही पाहिले. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणणाऱ्याचा रक्तदाबही यंत्र लपवीत नाही! तीच माणसे काही वर्षांनी पुन्हा गाठायची, म्हणजे कोण कशाने खचले ते उमगते. या पाहणीचे मर्म हेच.

पण पाहणी करणारा दुष्काळाची साक्ष मानतो, कचेरी मानीत नाही. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला पासष्ट वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याला कागद लागतो. माझ्या आत्याचे वय कागदावर सात वर्षांनी कमी लागले; हक्काचे वेतन तेवढीच वर्षे लांबले. तोवर ती खुरपायला जात राहिली.

वाचकहो, फराळाला सारे घर जमेल, तेव्हा थोरल्यांना त्यांच्या दुष्काळाची, लग्नाची, पहिल्या लेकराची साले विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. त्यांच्या आयुष्याचा तेवढाच दाखला कित्येक घरांत उरला आहे.