दिवसातून एकच गोळी, तीही पोटात तरंगणारी! हे नेमकं कसं जमतं?

विश्रांतवाडीत आळंदी रोडवरच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं थांबा. गुडघेदुखी नाहीतर कंबरदुखीची गोळी मागणारं कुणीतरी येतंच. त्यातल्या काही गोळ्यांच्या नावापुढे एसआर, ईआर, सीआर किंवा ओडी अशी अक्षरं छापलेली असतात. आपण ती वाचत नाही. मग घरी आजीला गोळी गिळता येत नाही म्हणून तीच गोळी कुटून पाण्यातून दिली जाते.

हे धोक्याचं का आहे, ते कळायला आधी गोळीची रचना समजून घेऊ.

ही अक्षरं काय सांगतात?

साधी गोळी पोटात गेली की लवकर विरघळते. रक्तातलं औषध झपाट्याने वाढतं आणि काही तासांत उतरतं, म्हणून ती दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागते. एसआर किंवा ईआर गोळीत जास्त औषध असतं, पण ते बारा किंवा चोवीस तासांत थोडं थोडं सुटतं.

मग गोळी जठरात थांबवायची कशाला?

अडचण अशी की गोळी एका जागी थांबत नाही. उपाशीपोटी साधारण दर दीड ते दोन तासांनी जठरात आकुंचनाची एक जोरदार लाट येते आणि उरलंसुरलं सगळं पुढे ढकलते. लहान आतड्याचा प्रवासही तीन-चार तासांत संपतो. काही औषधं फक्त लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच नीट शोषली जातात. गोळी तिथून पुढे सरकली, तर उरलेलं औषध वाया जातं.

गॅबापेन्टिन हे याचं चांगलं उदाहरण. नसांच्या दुखण्यावरचं हे औषध शरीर एका वेळी ठरावीक प्रमाणातच शोषून घेऊ शकतं. म्हणून साधं गॅबापेन्टिन दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी 2011 मध्ये ‘ग्रॅलिझ’ या गोळीला मान्यता दिली. नागीण बरी झाल्यावरही मागे राहणाऱ्या दुखण्यासाठी ती आहे. ती जठरात फुगते, तिथेच थांबते आणि औषध हळूहळू खाली सोडते. त्यामुळे ती दिवसातून एकदाच घेतात, पण रात्रीच्या जेवणासोबतच. भरल्या पोटी जठर मोठ्या वस्तू लवकर पुढे सोडत नाही, याचाच हा फायदा.

गोळी थांबवण्याच्या युक्त्या

- तरंगणं: गोळीत खाण्याचा सोडा असतो. जठरातल्या आम्लाशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जेलमध्ये अडकतो आणि गोळी हलकी होऊन वर येते.
- फुगणं: एचपीएमसीसारखी पॉलिमर पाणी शोषून इतकी फुगतात, की गोळी जठराच्या दारातून बाहेर पडू शकत नाही.
- चिकटणं: काही पॉलिमर जठराच्या आतल्या चिकट थराला धरून राहतात.

प्रयोगशाळेत अशी गोळी 37 अंश सेल्सिअसच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. ती किती वेळात वर येते, किती तास तरंगते आणि दर तासाला किती औषध सोडते, हे मोजतात.

पुण्यात काय झालं?

एरंडवण्यातील भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत यावर काम झालं आहे. तिथल्या संशोधकांनी 2006 मध्ये मेलॉक्सिकॅम आणि 2007 मध्ये डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांचे तरंगणारे बारीक मणी तयार केल्याचे निबंध प्रसिद्ध झाले. संधिवाताचं दुखणं पहाटे आणि सकाळी जास्त छळतं. मग रात्री घेतलेलं औषध आधी जठरात नुसतं तरंगावं आणि आतड्यात पोचल्यावर एकदम सुटावं, अशी ही कल्पना होती. सशांवरच्या चाचणीत डायक्लोफेनॅकचे मणी पाच तासांपर्यंत जठरात टिकले. अर्थात, प्रयोगशाळेतून मेडिकलपर्यंतचा रस्ता लांब असतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे मणी जठरात औषध जवळपास सोडतच नाहीत. कारण डायक्लोफेनॅकसारखी औषधं जठराचं संरक्षण करणारी द्रव्यं कमी करतात आणि त्यातून अल्सर होऊ शकतो. म्हणून बाजारातल्या डायक्लोफेनॅकच्या अनेक गोळ्यांवर जठरात न विरघळणारा थर असतो. थोडक्यात, प्रत्येक वेदनाशामक जठरात सुटत ठेवणं शहाणपणाचं नाही.

कुटली तर काय होतं?

दिवसभराचं औषध एकदम रक्तात जातं. ट्रॅमाडॉलसारख्या औषधाबाबतीत श्वास मंदावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय या गोळ्यांचा डोस जास्त झाला, तर उपचारही अवघड जातात. कारण औषध कित्येक तास सुटतच राहतं. याच कारणाने 2017 च्या अखेरीस युरोपात दीर्घकाळ सुटणाऱ्या पॅरासिटामॉलची विक्री थांबवण्याची शिफारस झाली.

तुम्ही काय कराल?

- नावापुढे ही अक्षरं असतील, तर गोळी कुटू नका, चावू नका. मधोमध रेघ दिसली तरी विचारल्याशिवाय तोडू नका.
- गिळायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांना सांगा. सिरप किंवा दुसरा पर्याय मिळू शकतो.
- ‘जेवणासोबत’ असं लिहिलं असेल, तर जेवणासोबतच घ्या.
- एसआर गोळी संपली म्हणून त्याच औषधाची साधी गोळी मनाने सुरू करू नका. डोसचं गणित वेगळं असतं.

पुढच्या वेळी स्ट्रिप हातात आली, की किमतीआधी ती दोन अक्षरं वाचा.